नाना शंकरशेट आणि लोखंडी रस्ता

आगपेटीची एक रिकामी पेटी, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. सर्व पेट्या दोऱ्यात ओवल्या, की आगगाडी तयार झाली! पुढे तोंडाने भकभक आवाज करणारा एखादा मुलगा असला म्हणजे इंजिनाचीही सोय होते. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू अशा रुळांलगतच्या गावांत हा खेळ मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावी तर कित्येक घरांत गाडीच्या शिटीवरून वेळ ओळखतात. मोठेपणी हे वेड बहुधा ओसरते. परंतु मुंबईत एक गृहस्थ असे होऊन गेले, की त्यांना हे वेड चाळिशीच्या सुमारास लागले आणि तेही अशा काळी, की जेव्हा साऱ्या हिंदुस्थानात उतारूंची एकही आगगाडी धावत नव्हती. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेट. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. पण वडिलांच्या नावानेच ओळखले जाण्याची तेव्हा रीत असल्यामुळे ते आडनाव मागे पडले. वडील शंकरशेट हे मुंबईतील मोठे व्यापारी होते. त्यांनी मुलासाठी घरीच शिक्षक ठेवले व त्याला इंग्रजी शिकविले. १८२२ साली वडील वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात अफाट संपत्ती हाती आली म्हणजे तरुण मनुष्य बहुधा बहकतो. नाना बहकले नाहीत. त्यांच्या सचोटीचा लौकिक असा पसरला, की अरबस्तान व अफगाणिस्तान या दूरच्या देशांतून मुंबईस येणारे सौदागर आपला पैसाअडका पेढीत ठेवण्याऐवजी नानांच्या स्वाधीन करून निर्धास्त होत. हा विश्वास पुढे आगगाडीच्याही उपयोगी पडला.

आता त्या काळच्या प्रवासाची थोडी कल्पना करून पाहा. मुंबई हे मोठे बंदर. पण तिच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी. वऱ्हाडचा किंवा आपल्या गोदाकाठचा कापूस मुंबईस न्यावयाचा, तर तो बैलांच्या पाठीवर लादून थळघाट उतरावा लागे. बैलांचे तांडेच्या तांडे आठवडेच्या आठवडे चालत. वाटेत पाऊस गाठे, नद्यांना पूर येई, कापूस भिजे, त्यात माती मिसळे; आणि शेवटी बंदरावर पोहोचेपर्यंत मालाची किंमत निम्मी होऊन जाई. पावसाळ्यात तर घाट जवळजवळ बंदच पडत. एका प्रांतात धान्य सडावे आणि शेजारच्या प्रांतात दुष्काळाने माणसे मरावीत, हे त्या काळी नवल नव्हते.

इकडे बैल घाट उतरत असता तिकडे युरोपात निराळेच काही घडत होते. १८३० साली इंग्लंडात लिव्हरपूल व मँचेस्टर या शहरांच्या दरम्यान वाफेच्या इंजिनाची गाडी सुरू झाली. चारच वर्षांनी, म्हणजे १८३४ च्या डिसेंबरात, आयर्लंडात डब्लिन शहरापासून समुद्रकाठच्या किंग्जटाउन बंदरापर्यंत सुमारे सहा मैलांचा मार्ग खुला झाला. विल्यम डार्गन नावाच्या आयरिश कंत्राटदाराने तो बांधला होता. आयर्लंड हाही आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलाखाली असलेला, बव्हंशी शेतीवर जगणारा देश. तेथे जर लोखंडी रस्ता होतो, तर मुंबईत का होऊ नये? जहाजाने येणाऱ्या वर्तमानपत्रांतून अशा वार्ता मुंबईस पोहोचत आणि शहरातील जाणत्या मंडळींत त्यांची चर्चा चाले. लोखंडी रस्ता हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. रेल्वेला त्या वेळी मराठीत तेच नाव होते. कृष्णशास्त्री भाटवडेकर यांनी १८५४ साली या विषयावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातही हाच शब्द आहे.

१८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क या इंजिनिअराने मुंबईहून ठाण्याकडे व तेथून घाटांच्या दिशेने रूळ टाकण्याची कल्पना मांडली. नानांनी ती उचलून धरली. वयाने व मानाने वडील असलेले पारशी दानशूर सर जमशेटजी जिजीभाई यांना बरोबर घेऊन १८४५ साली त्यांनी रेल्वेसाठी एक मंडळ स्थापन केले. पुढे हे मंडळ ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीत सामील झाले. कंपनीच्या दहा संचालकांत हिंदी गृहस्थ दोनच होते: एक जमशेटजी व दुसरे नाना. कंपनीला कचेरीसाठी जागा हवी होती. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याचा एक भाग तिला देऊन टाकला.

त्या वाड्याचा दरवाजा केवळ आगगाडीसाठीच उघडला असे नव्हे. याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेतील काही तरुणांनी मुलींसाठी शाळा काढण्याचे धाडस केले. मुलींना शिकविणे हे त्या काळी पुष्कळांना पाप वाटत होते. अशा शाळेला घर भाड्याने देण्यासही कोणी सहजासहजी तयार होत नसे. नानांनी त्यांपैकी एका शाळेला आपल्याच वाड्यात जागा दिली. ती शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

शिक्षण हा नानांचा आगगाडीहूनही जुना ध्यास होता. मुंबईत मराठी शाळा व शाळेची पुस्तके तयार करण्यासाठी जी मंडळी निघाली, तिच्या कार्यात ते तरुणपणापासून होते. सरकारी शिक्षण मंडळाचेही ते पुष्कळ वर्षे सभासद होते. या मंडळात १८४७ च्या सुमारास मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च न्यायालयाच्या आधीच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असे त्यांचे मत होते. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. इंग्रजीचा द्वेष त्यांच्या मनात मुळीच नव्हता. तरीही सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे असेल तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच पोहोचेल, अशी बाजू त्यांनी लेखी मांडली. सत्ताधाऱ्यांसमोर बसून, त्यांच्याच भाषेत, आपल्या भाषेचा कैवार घेणे सोपे नव्हते. तुम्ही हा पाठ मराठीत वाचत आहात, तेव्हा या वादात नाना कोणत्या बाजूस होते हे तुम्हांस ठाऊक असावे, म्हणून थोडे विषयांतर केले.

पुन्हा रुळांकडे वळू. १८४९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात कायदा होऊन कंपनीला मान्यता मिळाली. भांडवल बहुतेक विलायतेतील. त्यावर दरसाल शेकडा पाच व्याज मिळेलच, अशी हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यावयाची. म्हणजे गाडी चालो वा न चालो, भागीदार निर्धास्त, आणि भार मात्र येथील रयतेवर! शिवाय मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस आणि सरकारला फौज हलविण्याची सोय हवी होती, हेही उघड होते. नाना ज्या गाडीचे स्वागत करीत होते, तिच्यात असे अनेकांचे हिशोब बसले होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तथापि, एकदा टाकलेले रूळ जागचे हलत नाहीत आणि कोणाचा माल न्यावा व कोणाचा नेऊ नये हे त्यांना कळत नाही, हेही तितकेच खरे.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाला आरंभ झाला. जेम्स बर्कली हे मुख्य इंजिनिअर होते. शीव व कुर्ला यांच्या दरम्यान दलदल होती. तेथे भराव घालून बांध उभारावा लागला. दोन रुळांमध्ये अंतर किती ठेवावे, हाही एक प्रश्नच होता. इंग्लंडात ते चार फूट साडेआठ इंच होते. आयर्लंडात आधी तीन मार्ग तीन निरनिराळ्या मापांचे झाले आणि मग सर्वांचा मध्य काढून पाच फूट तीन इंच हे माप ठरविण्यात आले. त्यापायी डब्लिनच्या त्या पहिल्या मार्गाचे रूळही पुढे उखडून पुन्हा बसवावे लागले. हिंदुस्थानसाठी गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी पाच फूट सहा इंच हे माप कायम केले. १८५२ च्या फेब्रुवारीत भायखळ्याजवळ पहिले इंजिन धूर सोडीत हलले, तेव्हा ते पाहण्यास लोकांची झुंबड उडाली.

अखेर १६ एप्रिल १८५३ हा शनिवार उजाडला. शहरास सुटी होती. बोरीबंदरावर चौदा डब्यांची गाडी सजून उभी होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडलेली होती. सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे आत बसले. त्यांत पन्नाशीत पोहोचलेले नानाही होते. दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी एकवीस तोफांची सलामी झडली आणि गाडी ठाण्याच्या दिशेने निघाली. मार्गाच्या दोन्ही बाजूंस, घरांच्या छपरांवर, झाडांवर माणसेच माणसे होती. बैल नाही, घोडा नाही, आणि एवढा भार आपोआप पळतो आहे, हे पाहून जो तो थक्क झाला. ठाण्यापर्यंतचे एकवीस मैल गाडीने साधारण तासाभरात कापले. त्याच वाटेला बैलगाडीचा सारा दिवस जात असे.

त्या दिवशी लोकांनी गाडी पाहिली. पण पाहणे निराळे आणि तिच्यात बसणे निराळे. हे यंत्र अपशकुनी आहे, यात बसले तर आयुष्य घटते, शेजारी कोणत्या जातीचा मनुष्य बसेल याचा नेम नाही, अशा शंका पुष्कळांच्या मनात होत्या. ज्या नानांकडे आपली पुंजी बिनधोक ठेवता येते, ते नाना स्वतः गाडीत बसून सुखरूप परत येतात, या एका गोष्टीने जे काम केले, ते कंपनीच्या शंभर जाहिरातींनी झाले नसते, असे मला वाटते. लवकरच डबे उतारूंनी भरू लागले.

पुढल्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत गेला. खरी कसोटी होती ती बोरघाटाची. कड्यातून पंचवीस बोगदे खोदावयाचे, दऱ्यांवर पूल उभारावयाचे. १८६१ साली एके वेळी बेचाळीस हजार मजूर तेथे राबत होते. सुरुंगांनी, पटकीने व तापाने हजारो माणसे दगावली. त्यांच्या नावांची नोंद कोठे नाही. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम तडीस नेण्याची व्यवस्था केली. १८६३ च्या एप्रिलात बोरघाटातून गाडी वर चढली आणि मुंबई व पुणे जोडली गेली.

या दहा वर्षांत नानांना एक कटू अनुभवही आला. १८५७ च्या उठावाच्या वेळी, ज्या सरकारच्या मंडळांत ते बसत होते, त्याच सरकारातील काहींनी त्यांच्यावर संशय घेतला. चौकशी झाली आणि तीत काही निष्पन्न झाले नाही. पुढे १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचा अंत झाला. मुंबईकरांनी त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये उभारला, तर मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली.

नाना वारले त्याच वर्षाच्या आरंभी थळघाटातील मार्गही खुला झाला होता. हाच मार्ग इगतपुरी, नाशिकवरून पुढे मनमाडला जातो. मनमाडहून आपल्याकडे गाडी येण्यास मात्र आणखी पस्तीस वर्षे लागली. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग झाला आणि परभणीच्या लोकांनी आपल्या गावात पहिल्यांदा इंजिनाची शिटी ऐकली. परंतु खर्च वाचविण्यासाठी हे रूळ अरुंद, मीटरभर अंतराचे टाकलेले होते. आमच्या लहानपणी मुंबईस जावयाचे म्हणजे मनमाडला उतरणे आलेच. अपरात्री वळकटी काखेत, पाण्याची सुरई हातात, आणि वडिलांच्या धोतराचा सोगा घट्ट धरून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर धावताना जी तारांबळ उडे, ती अजून आठवते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते अरुंद रूळ निघाले आणि त्यांच्या जागी पाच फूट सहा इंचांचे रूळ आले. आता परभणीच्या फलाटावर डब्यात चढलेला मनुष्य त्याच डब्यातून थळघाट उतरतो, कल्याण व ठाणे मागे टाकतो आणि नानांच्या मुंबईत उतरतो.