टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या, तरी माणगावचा यशवंत घाडगे मागे हटला नाही

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. तिथली त्यांची छत्री बऱ्याच कोल्हापूरकरांना माहीत असते. पण त्याच इटलीत अजून एका मराठी माणसाचं स्मारक आहे. तो राजा नव्हता, साधा शेतकऱ्याचा पोरगा होता. त्याचं नाव यशवंत घाडगे.

यशवंत यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव रायगड जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, माणगाव तालुक्यातलं पळसगाव. पुढे ते मराठा पलटणीत भरती झाले. आज बेळगावला जिचं केंद्र आहे, तीच ही मराठा लाइट इन्फंट्री. दुसऱ्या महायुद्धात या पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते.

जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे सरकत होतं, पण सरकताना प्रत्येक टेकडी लढवत होतं. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या टेकड्या घेण्याचं काम भारतीय जवानांवर आलं.

१० जुलै १९४४. यशवंत यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे जवान एक तर मारले गेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंत.

ते थेट मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गार. मग टॉमीगनने अजून एकाला टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवलं.

ठाणं जिंकलं होतं. पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं आणि त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघं २२.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. शौर्यासाठीचा हा ब्रिटिशांचा सगळ्यात मोठा सन्मान. १९११ पर्यंत तो भारतीय सैनिकांना मिळतच नव्हता. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीय जवानांचे. यशवंत यांच्यानंतर नऊ महिन्यांनी याच पलटणीच्या नामदेव जाधवांनीही तो मिळवला.

हे युद्ध भारताचं नव्हतं, इंग्रजांचं होतं, असं म्हणून हे जवान आपल्या इतिहासात मागे पडले. पण एकट्या इटलीत ५,७८२ भारतीय जवान कामी आले आणि त्यातला बहुतेक प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या खेड्यातून गेला होता.

माणगावात यशवंत यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभं केलं. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्यामागची कल्पना साधी आहे: सगळी माणसं एकाच सूर्याखाली जगतात.