नांगराचा धनी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या जऊळक्याच्या घरी, गोठ्याच्या कोपऱ्यात एक जुना लोखंडी नांगर पडून आहे. अंगावरची अक्षरे झिजली आहेत. बोट फिरविले तर 'किर्लोस्कर' एवढेच हाताला लागते. तो रेल्वेने आला, असे आबा सांगतात. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कोणी विचारीत नाही. पण आबांनी तो भंगारात दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तीन एकरांत सोयाबीन पेरले. आठ दिवस झाले, वावर उघडेच. पाऊस होता, ओल होती, पण दाणा उगवला नाही. बाबा पिशवी घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखविले, कंपनीच्या माणसाने पावसाकडे. दुबार पेरणीसाठी उसनवारी झाली. त्या रात्री आबा गोठ्यात त्या नांगराजवळ बराच वेळ बसून होते. पैसा हाती पडला की विकणाऱ्याची जबाबदारी संपते काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. आणि त्याचे उत्तर शोधतानाच मी लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे वळलो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. दुसरा एखादा तेथेच खचला असता. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. बेळगावात वडीलबंधू रामूअण्णांसह ते सायकलच्या धंद्यात उतरले. लोकांना सायकल चालवायलाही हेच शिकवीत!

सायकलीत पैसा होता. पण त्यांचे लक्ष शेतकऱ्याच्या अवजारांवर होते. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. अडाणी म्हणून शेतकऱ्याला बोल लावणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे न करता धीर धरला आणि मालाच्या जोरावर विश्वास मिळविला. विश्वास जाहिरातीने येत नाही, तो वावरातच यावा लागतो, हे त्यांना उमगले होते.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला लावली. कारखाना उघड्यावर पडला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ त्यांनी दिला. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर! १९१० साली २५ कामगार व त्यांचे कुटुंबकबिले घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनही तिच्याच नावाने ओळखले जाते.

कारखाना कोणीही काढील. लक्ष्मणरावांनी गाव वसविले. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी पाहिला, यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेग्यांनी. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले. पण येथे ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. त्याहून नवल असे, की शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले. ज्याच्यापासून राखायचे त्याच्याच हाती किल्ली! माणूस मुळात वाईट नसतो, ही श्रद्धा त्यांनी व्यवहारात आणून दाखविली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या धातूतून नांगर घडले. तोफेचा नांगर व्हावा, याहून मोठे भाग्य लोखंडाला कोणते? १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पुढच्या पिढीत, शंतनुरावांच्या काळात, इंजिने निघाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

चरित्र वाचून मी भारावलो, हे खरे. तरी एक शंका उरलीच. लोखंडाने जमीन विषारी होत नाही, हे सिद्ध झाले. पण जमिनीचे काय होईल, ही त्या शेतकऱ्यांची काळजी खुळी होती काय? वर्षानुवर्षे खोल नांगरटीने आमच्या उताराच्या वावरातली काळी माती पावसाबरोबर नाल्यात गेली. इंजिने आली, विहिरींना वरदान मिळाले. मग उपसा वाढला आणि उन्हाळ्यात त्याच विहिरींचे तळ दिसू लागले. हा दोष लक्ष्मणरावांचा नव्हे. त्यांच्या काळी कठीण जमीन फोडणे हीच गरज होती. आज जमीन आणि पाणी राखणे ही गरज आहे, आणि आजच्या कारखानदाराने आपल्या मालाचा हिशेब तेथपर्यंत मांडला पाहिजे. नफा वहीत दिसतो. गेलेली माती कोणत्याच वहीत दिसत नाही.

मी हे सारे आबांना वाचून दाखविले. नांगराने माती गेली, हे त्यांना पटले नाही. धुरे कोरून वावर वाढविणाऱ्यांनी ती घालविली, असे त्यांचे म्हणणे. कदाचित दोन्ही खरे असेल. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्या नांगराने आमच्या दोन पिढ्यांची वावरे नांगरली आणि ज्याने तो घडविला त्याला शिव्या देण्याची पाळी आमच्या घरात कोणावर आली नाही.

बियाण्याची ती रिकामी पिशवी बाबांनी अजून जपून ठेवली आहे. ती आणि तो नांगर, दोन्ही आमच्या गोठ्यातच आहेत. उद्या माझ्या वर्गमित्रांपैकी कोणी दुकान काढील, कोणी कारखाना. त्यांनी एकदा जऊळक्याला यावे आणि आपला माल या दोहोंपैकी कोणाच्या शेजारी ठेवला जावा, ते ठरवावे.