दोन भाषांचा इतिहासकार : फ्रान्तिशेक पालात्स्की

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इतिहासकाराच्या वाटेला का जावे, असे कुणी विचारील. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मला हे चरित्र परके वाटले नाही, एवढेच माझे उत्तर.

पालात्स्की यांचा जन्म १४ जून १७९८ रोजी मोराव्हियातील होड्स्लाव्हित्से या खेड्यात, एका प्रॉटेस्टंट शिक्षकाच्या घरी झाला. तो मुलूख ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा. जर्मन, चेक, मग्यार, पोलिश, क्रोएट असे कितीतरी लोक त्या एका छत्राखाली नांदत. कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा जर्मन. चेक बोली खेडुतांची, असा सुशिक्षितांचा समज. प्रागचा माणूस स्वतःला बोहेमियाचा म्हणवी. तो जर्मन की चेक, हा प्रश्न फारसा कुणी विचारीत नसे.

१८२३ साली पालात्स्की प्रागला आले. १८२७ पासून तेथील संग्रहालयाची दोन नियतकालिके त्यांच्या संपादनाखाली निघू लागली, एक जर्मन व एक चेक. जर्मन १८३१ साली बंद पडले, चेक तगले. १८३६ मध्ये त्यांच्या बोहेमियाच्या इतिहासाचा पहिला खंड जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. १८४८ पासून हा इतिहास चेक भाषेत येऊ लागला, तेव्हा त्याचे नाव चेक राष्ट्राचा इतिहास असे झाले. माझ्या मते सारे मर्म या नावातच आहे. प्रदेशाचा इतिहास राष्ट्राचा झाला. मग त्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मनांचा इतिहास कोणता?

तरीही पालात्स्कींना राज्य मोडायचे नव्हते. १८४८ च्या एप्रिलमध्ये फ्रँकफुर्टच्या जर्मन सभेचे निमंत्रण त्यांनी चेक म्हणून नाकारले; पण रशियासारख्या बलाढ्य सत्तेपासून लहान राष्ट्रांचे रक्षण व्हावे म्हणून ऑस्ट्रिया टिकलाच पाहिजे, असे बजावले. जूनमध्ये प्रागच्या स्लाव परिषदेचे ते अध्यक्ष झाले. सर्व राष्ट्रांना समान हक्क देणारे संघराज्य त्यांना हवे होते. १८४९ साली सम्राटाने संसदच विसर्जित केली. १८६७ साली तडजोड झाली ती जर्मन व मग्यार यांच्या सोयीची. चेक बाहेरच राहिले. मनाने ऑस्ट्रियापासून दुरावलेले पालात्स्की २६ मे १८७६ रोजी प्रागमध्ये वारले.

१९१८ साली साम्राज्य कोसळले व चेकोस्लोव्हाकिया जन्मला. त्यात तीस लाखांहून अधिक जर्मन राहिले. १९४५ नंतर त्यांतील बहुतेकांना घरदार सोडून जावे लागले. १९९३ साली चेक व स्लोव्हाक हेही वेगळे झाले.

हा सारा दोष एका ग्रंथाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पालात्स्कींनी हिणवलेल्या भाषेला मान मिळवून दिला, ही त्यांची थोरवी. पण आपल्या इतिहासात शेजाऱ्याची जागा कोणती, हा प्रश्न त्यांच्यामागे उरला. दोन भाषा जाणणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांना तरी तो टाळता येणार नाही.