नियमाच्या फटीतून दौडलेला काळा घोडा

मोटार कंपन्या शर्यतीत उतरतात त्या बहुधा रस्त्यावरची गाडी अधिक खपावी म्हणून. एन्झो फेरारी यांचा हिशेब नेमका उलटा होता. शर्यतीचा खर्च भागावा एवढ्यासाठीच ते रस्त्यावरच्या गाड्या विकत. 'ग्रँड टूरिंग' या शर्यतप्रकाराची अट मात्र अशी, की जी गाडी शर्यतीत धावेल ती मुळात रस्त्यावरची आणि कोणाही ग्राहकाला विकत घेता येईल अशी असावी. शर्यतीसाठी जगणारा कारखानदार आणि ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवणारा नियम यांची गाठ पडली, तेव्हा मोटारींच्या इतिहासातील एक देखणी गाडी जन्माला आली. पुढे याच नियमाने फेरारींना मातही दिली.

सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये भेट मिळालेल्या '३६० मोडेना' या गाडीमुळे मोडेना हे नाव मराठी घरांतही पोहोचले. उत्तर इटलीतील या गावी १८ फेब्रुवारी १८९८ रोजी एन्झो यांचा जन्म झाला. वडिलांचा धातुकामाचा छोटा कारखाना होता. दहाव्या वर्षी वडिलांबरोबर बोलोन्याला पाहिलेल्या मोटारशर्यतीने या मुलाला वेड लावले. १९१६ मध्ये वडील आणि थोरला भाऊ एकापाठोपाठ गेले. पहिल्या महायुद्धात एन्झो यांच्या वाट्याला आले ते तोफखान्याच्या खेचरांना नाल ठोकण्याचे काम. आजारपणामुळे सैन्यातून सुटका झाली. तुरिनला फियाट कंपनीत नोकरी मागितली, तीही नाकारली गेली. हा नकार ते आयुष्यभर विसरले नाहीत.

१९१९ मध्ये एका लहान कंपनीतर्फे आणि पुढच्या वर्षापासून अल्फा रोमिओतर्फे ते स्वतः शर्यतीत गाडी चालवू लागले. १९२३ मध्ये रावेन्नाजवळची एक शर्यत त्यांनी जिंकली. तेथे महायुद्धात वीरगती मिळालेला इटालियन वैमानिक फ्रांचेस्को बाराका याच्या आईवडिलांशी त्यांचा परिचय झाला. बाराकाच्या विमानावर उधळत्या काळ्या घोड्याचे चिन्ह असे. ते आपल्या गाडीवर लावावे, असे त्या मातेने सुचविले. मोडेनाच्या पिवळ्या रंगावर हा घोडा विराजमान झाला आणि कायमचा तेथेच राहिला.

चालक म्हणून आपली मर्यादा फेरारींनी लवकर ओळखली. माणसे, यंत्रे आणि पैसा एकत्र आणण्यात मात्र त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. १६ नोव्हेंबर १९२९ रोजी त्यांनी 'स्कुदेरिया फेरारी' हा संघ स्थापन केला. 'स्कुदेरिया' म्हणजे घोड्यांची पागा. या पागेत अल्फाच्या गाड्या आणि ताझिओ नुवोलारीसारखे चालक होते. १९३५ मध्ये नुवोलारीने जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर, कितीतरी अधिक सामर्थ्यवान जर्मन गाड्यांना हरवून जर्मन ग्रां प्री जिंकली. १९३९ मध्ये अल्फाशी फारकत झाली, तेव्हा चार वर्षे स्वतःचे नाव शर्यतीत वापरायचे नाही, अशी अट फेरारींवर लादण्यात आली. त्यामुळे १९४० मध्ये त्यांनी बनविलेल्या पहिल्या दोन गाड्यांवर त्यांचे नाव नव्हते. १९४३ मध्ये कारखाना मोडेनाजवळच्या मारानेल्लो येथे हलला. त्यावर बाँबही पडले. अखेर १९४७ मध्ये दीड लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन असलेली '१२५ एस' ही फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर पडली. पहिल्या शर्यतीत ती मध्येच बंद पडली. दोनच आठवड्यांनी रोममध्ये ती जिंकली.

फेरारींची गाडी विकत घेणे ही त्या काळी साधी खरेदी नव्हती. धनिक हौशी चालक मारानेल्लोला येत, गाडी घेत आणि तिच्यातूनच शर्यतीला जात. त्यांच्या पैशातून पुढच्या वर्षाची शर्यतीची गाडी तयार होई. १९४९ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत फेरारीने प्रथमच जिंकली. विजयी चालक लुईजी किनेत्ती पुढे अमेरिकेत फेरारीचा विक्रेता झाला. १९५० च्या दशकातील '२५० जीटी' मालिकेने रस्ता आणि शर्यत यांच्यातील अंतर आणखी कमी केले. १९५६ मध्ये स्पेनचा सरदारपुत्र आल्फोन्सो द पोर्तागो याने याच मालिकेतील गाडीने फ्रान्सची देशभर फिरणारी 'तूर द फ्रान्स' मोटारशर्यत जिंकली.

या यशाला मृत्यूची काळी किनार होती. १९५५ मध्ये ल मान्स येथे एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. जून १९५६ मध्ये फेरारींचा मुलगा दिनो स्नायूंच्या असाध्य विकाराने चोविसाव्या वर्षी गेला. मे १९५७ मध्ये 'मिले मिलिया' या खुल्या रस्त्यांवरील शर्यतीत पोर्तागोच्या फेरारीचे टायर फुटले. तो, त्याचा सहकारी आणि पाच मुलांसह नऊ प्रेक्षक ठार झाले. ही शर्यत त्या स्वरूपात कायमची बंद झाली आणि सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली खुद्द फेरारींवर खटला उभा राहिला. त्यातून त्यांची निर्दोष मुक्तता झाली ती १९६१ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोंझा येथे फेरारीचा चालक वोल्फगांग फॉन ट्रिप्स आणि डझनाहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. फेरारी स्वतः शर्यतींना जाणे टाळत. काळा चष्मा लावलेला हा माणूस आपल्या कार्यालयात बसून बातमीची वाट पाहत असे.

या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९६२ पासून उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद ग्रँड टूरिंग गाड्यांसाठी ठेवले. केवळ शर्यतीसाठी घडविलेल्या यंत्रांऐवजी लोकांना विकल्या जाणाऱ्या गाड्यांनी आपला कस दाखवावा, हा त्यामागील विचार. त्यासाठी कसोटी होती आकड्याची. सलग बारा महिन्यांत किमान शंभर गाड्या बनविल्या, तरच त्या नमुन्याला मान्यता मिळे. या मान्यतेला 'होमोलोगेशन' म्हणतात. मात्र मान्यता मिळालेल्या नमुन्याची बाह्य बांधणी बदलण्यास नियमाने मुभा ठेवली होती. फेरारींनी नेमकी हीच फट हेरली.

त्यांची '२५० जीटी' ही आखूड बांध्याची गाडी दीडशेहून अधिक संख्येने तयार झाली होती. तिलाच नवा पोशाख चढवायचे ठरले. जोत्तो बिझारिनी या अभियंत्याने तीन लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन खाली आणि मागे सरकविले, नाक खाली आणले आणि वारा कापणारा देह दिला. तीनशेच्या आसपास अश्वशक्तीची ही गाडी कागदोपत्री जुन्याच गाडीचा एक प्रकार ठरली. तिचे नाव '२५० जीटीओ', त्यातील 'ओ' म्हणजे 'ओमोलोगातो', अर्थात मान्यताप्राप्त. नियम शंभरांचा असताना तीन लिटर इंजिनाच्या अशा गाड्या बनल्या अवघ्या छत्तीस.

तथापि गाडी पूर्ण होण्यापूर्वीच घर फुटले. १९६१ च्या अखेरीस फेरारींच्या पत्नी लाउरा यांच्या कारखान्यातील हस्तक्षेपावरून वाद पेटला. बिझारिनी आणि मुख्य अभियंता कार्लो किती यांच्यासह अनेक प्रमुख सहकारी एकदम बाहेर पडले. दुसरा कोणी असता तर त्या मोसमातून माघार घेता. फेरारींनी सव्वीस वर्षांच्या माउरो फोर्गिएरीला बोलावून सारी तांत्रिक जबाबदारी त्याच्यावर सोपविली. देह घडविण्याचे काम मोडेनाच्या सर्जिओ स्कालिएत्ती यांनी हातोडीने ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून केले. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत ही गाडी दुसरी आली आणि आपल्या गटात पहिली. त्याच वर्षी ल मान्सलाही ती दुसरी आली. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी तीन वर्षे मोठ्या इंजिनांच्या गटाचे अजिंक्यपद फेरारींकडेच राहिले.

१९६३ मध्ये फोर्डने फेरारीची कंपनी विकत घेण्याची बोलणी केली. शर्यतविभागावर अंतिम शब्द आपला राहणार नाही, हे लक्षात येताच फेरारींनी ती मोडली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी '२५० एलएम' मांडली. हिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. तरीही ही २५० जीटी मालिकेतीलच गाडी आहे, असा त्यांचा दावा होता. त्या काळी फेरारीच्या नावातील आकडा एका सिलिंडरचे घनमान सांगे. एलएमच्या बहुतेक गाड्यांत ३.३ लिटरचे इंजिन असल्याने त्यांना खरे तर २७५ म्हणायला हवे होते. जुन्या मालिकेशी नाते दिसावे, म्हणून २५० हा आकडा कायम ठेवला गेला. या वेळी महासंघ बधला नाही. मूठभर गाड्या दाखवून शंभरांची मान्यता देण्यास त्याने १९६४ मध्ये नकार दिला. इटलीच्या मोटार क्लबने आपली बाजू लावून धरली नाही, याचा राग येऊन फेरारींनी आपला शर्यतीचा परवानाच परत केला. त्या वर्षाच्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत त्यांच्या गाड्या इटलीच्या लाल रंगाऐवजी किनेत्तीच्या अमेरिकन संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरल्या. त्याच रंगात जॉन सर्टीस जगज्जेता झाला.

दरम्यान फेरारींचाच डाव त्यांच्यावर उलटविणारा खेळाडू पुढे आला होता. अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांची 'कोब्रा' ही फोर्ड इंजिनाची उघडी गाडी मान्यताप्राप्त होती. बाह्य बांधणी बदलण्याच्या त्याच मुभेचा आधार घेऊन शेल्बींनी तिच्यावर बंदिस्त छप्पर आणि तिरकी शेपटी चढविली. अशा 'डेटोना कूपे' बनल्या फक्त सहा. वय झालेल्या जीटीओला मागे टाकून १९६५ चे अजिंक्यपद त्यांनी खेचून नेले. ज्या फटीतून फेरारी आत शिरले, तिच्यातूनच प्रतिस्पर्धीही आला. मान्यता नाकारलेल्या एलएमने मात्र त्याच वर्षी खास शर्यतीसाठीच्या गाड्यांच्या गटात उतरून ल मान्स जिंकली. ल मान्सचे निर्विवाद विजेतेपद फेरारीला त्यानंतर मिळाले ते थेट २०२३ मध्ये.

पुढची चार वर्षे ल मान्सवर फोर्डचे राज्य होते. खर्च पेलेनासा झाल्यावर १९६९ मध्ये फेरारींनी निम्मी मालकी फियाटला दिली. एकेकाळी नोकरी नाकारणाऱ्या कंपनीशी केलेल्या या करारातही शर्यतविभाग त्यांनी स्वतःकडेच राखला.

आयुष्याच्या उत्तरार्धात याच नियमाने आणखी एक वळण घेतले. 'ब' गटाच्या शर्यतींसाठी दोनशे गाड्यांची अट होती. त्यासाठी १९८४ मध्ये '२८८ जीटीओ' आली आणि या वेळी २७२ गाड्या बनल्या. अट पुरेपूर पाळली गेली, पण शर्यत झालीच नाही. रॅलींमधील जीवघेण्या अपघातांनंतर १९८६ अखेर हा गट मोडीत निघाला. शर्यतीसाठी जन्मलेली गाडी केवळ रस्त्यावरची म्हणून उरली. तिच्या अनुभवातून १९८७ मध्ये आलेली 'एफ ४०' ही फेरारींच्या हयातीत सादर झालेली अखेरची नवी गाडी. १४ ऑगस्ट १९८८ रोजी नव्वदाव्या वर्षी मोडेनात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे जीटीओची किंमत वाढतच गेली. नवी असताना अमेरिकेत सुमारे १८ हजार डॉलरना मिळणारी ही गाडी २०१८ मध्ये एका लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तिच्या प्रतिकृती काढू पाहणाऱ्यांविरुद्ध फेरारी कंपनी न्यायालयात गेली, तेव्हा २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने या गाडीला कलाकृती म्हणून संरक्षण दिले. १९६२ मध्ये नवे काही नाही, जुन्याच गाडीचा हा एक प्रकार आहे, असे पटवून तिला शर्यतीत उतरविण्यात आले होते. ती दुसऱ्या कशासारखी नाही, हे न्यायालयाच्या निकालाने मान्य झाले, तोवर तिच्या निर्मात्याला जाऊन एकतीस वर्षे होत आली होती.