दादासाहेब फाळके : एक कुशल कारागीर

नाशिक जिल्ह्यात ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे पुरातन क्षेत्र वसलेले आहे. गोदावरीचा उगम येथलाच. या गावी ३० एप्रिल १८७० रोजी दाजीशास्त्री फाळके या संस्कृत पंडितांच्या घरी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव धुंडिराज असे ठेवण्यात आले. हेच पुढे दादासाहेब फाळके या नावाने देशभर विख्यात झाले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु चित्रपट काढण्याचे धाडस त्यांना ज्या बळावर करता आले, ते बळ पैशाचे नव्हते. ते त्यांच्या दोन हातांचे होते.

दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले, तेव्हा हे कुटुंब मुंबईस आले. मुलाने आपल्याप्रमाणे शास्त्री व्हावे, अशी परिस्थिती होती. पण धुंडिराजाचा ओढा रंग, रेषा आणि आकार यांच्याकडे होता. १८८५ साली त्याने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंबरोबर तो बडोद्यास गेला. तेथे सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात त्याने चित्रकलेबरोबर वास्तुकला, मूर्ती व प्रतिकृती घडवण्याची विद्या आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांची या उद्योगी विद्यार्थ्यावर मर्जी बसली.

प्रतिकृती घडवणे म्हणजे खेळणे करणे नव्हे. खेळण्यात जहाजाला दोन डोलकाठ्या कमी असल्या तरी मुलाचे समाधान होते. प्रतिकृतीत मात्र मूळ वस्तूचा प्रत्येक भाग आपल्या जागी व आपल्या मापाने असावा लागतो. त्यासाठी कारागीर प्रथम प्रमाण ठरवतो. सोळा फुटांस एक इंच असे प्रमाण धरले, तर ४०० फूट लांबीचे मालवाहू जहाज २५ इंचांत बसते आणि त्यावरील पुऱ्या उंचीचा खलाशी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो. मग त्या खलाश्याने चढावयाची शिडी, धरावयाचा कठडा, ओढावयाचा दोर हे सर्व किती बारीक करावे लागेल, याची कल्पना करावी. एखादे माप थोडे जरी चुकले, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांस ते खटकते. म्हणूनच या कामास कसबाइतकीच सबुरीची गरज असते.

तरुण फाळक्यांच्या अंगी हे दोन्ही गुण होते. १८९२ साली अहमदाबाद येथे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यासाठी त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती तयार केली. या प्रतिकृतीबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळाले. त्यांचे काम पाहून प्रसन्न झालेल्या एका चाहत्याने त्यांस एक मौल्यवान कॅमेरा भेट दिला. अशा रीतीने एका छोट्या नाट्यगृहाने मोठ्या वाटेचे दार उघडले.

यानंतरची वीस वर्षे धडपडीची होती. फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावल्याने त्यांचे घर उजाड झाले. बडोद्यास परत आल्यावर त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले व स्वतःही ते लोकांपुढे केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून त्यांनी नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यास व पुढे दादर येथे छापखाना चालवला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. एवढे व्यवसाय बदलणारा मनुष्य अस्थिर आहे, असे कोणासही वाटले असते. पण हाताने शिकलेली कोणतीही विद्या वाया जात नाही, हे पुढील काळाने दाखवून दिले.

१९११ साली मुंबईत गिरगाव येथे ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावरील ती हलती चित्रे पाहता पाहता राम व कृष्ण यांचे चरित्र याच रीतीने दाखवावे, असा ध्यास त्यांच्या मनाने घेतला. ते रोज चित्रपट पाहू लागले, रात्र रात्र जागू लागले. अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. योग्य उपचारांनी ती परत आली, हे सुदैव होय. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेस गेले, चित्रपटाची कृती शिकले आणि यंत्रे मागवून दोन महिन्यांच्या आत परतले.

आता भांडवल हवे होते. अद्याप कोणी न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार? फाळके यांनी भाषणे केली नाहीत. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा मांडला. बी रुजून त्याचे रोप होईपर्यंत, महिन्याहून अधिक काळ, ते नेमाने थोडी थोडी चित्रे टिपत राहिले. ही सर्व चित्रे सलग दाखवताच जमिनीतून अंकुर वर येत आहे, पाने उलगडत आहेत, वेल वाढत आहे, असे पडद्यावर दिसू लागले. महिन्याचे निसर्गाचे काम एका मिनिटाच्या सुमारास डोळ्यांपुढे घडले. ते पाहून कर्ज देणारे पुढे आले. तरीही रक्कम अपुरी पडली, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरील दागिने काढून दिले. फितीच्या कडांना भोके पाडणे, रात्री फीत धुण्याची रसायने तयार करणे व दिवसा सर्व मंडळींचे जेवण रांधणे ही कामेही त्यांनी केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला व त्याने यश मिळवले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दादासाहेबांनी आपला सारा कारभार नाशकास हलवला. त्र्यंबकेश्वर जवळ होते, गोदावरीचे घाट होते, डोंगर व देवळे होती. पौराणिक चित्रपटांस याहून चांगली जागा कोणती? येथे ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ तयार झाले. १९१४ साली तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा विलायतेस गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या कौशल्याची वाखाणणी केली व तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी त्यांस विचारले. परंतु ही कला आपल्या देशात रुजावी, हा त्यांचा निश्चय होता. म्हणून ते परतले.

इतक्यात महायुद्धाचा वणवा पेटला. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. नाशकात माणसे होती, यंत्रे होती. पण मोठा चित्रपट उभारण्यास पैसा नव्हता. अशा वेळी एखाद्याने काम बंद केले असते. दादासाहेबांनी मोठे साधत नाही तर छोटे करावे, असे ठरवले. ते विविध विषयांवर लघुपट काढू लागले. याच काळात त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट केला. त्यातील पात्रे म्हणजे आगपेटीतील काड्या! काड्या मांडून एक चित्र टिपावयाचे, त्या किंचित सरकवावयाच्या, पुन्हा एक चित्र टिपावयाचे, अशी ती रीत होती. त्या काळी पडद्यावर सेकंदास साधारणतः १६ चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या मौजेसाठी सुमारे ९६० वेळा हात लावावा लागे, आणि एका वेळी हात चुकला तर काडी भलतीकडेच उडी मारताना दिसे. नाण्यांच्या हालचालींवरही त्यांनी असाच एक चित्रपट रचला. नाट्यगृहाची प्रतिकृती करताना अंगी बाणलेली सबुरी येथे कामी आली.

ही वाईट वर्षे सरली. १९१७ साली ‘लंकादहन’ आला आणि प्रेक्षकांची झुंबड उडाली. पुढल्या वर्षी मुंबईच्या भांडवलदारांच्या साहाय्याने नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. कंसाचे मस्तक धडापासून वेगळे होऊन वर जाते, असे चमत्कार पडद्यावर पाहून लोक थक्क होत. त्यामागे जादूगाराची युक्ती, छायाचित्रकाराचे ज्ञान व कारागिराचा हात असे तिन्ही एकत्र आले होते.

पुढे भागीदारांशी मतभेद झाले. काही काळ दादासाहेब काशीस जाऊन राहिले व तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नाटक लिहिले. ते पुन्हा चित्रपटांकडे वळले. परंतु बोलपट आल्यानंतर जुनी पद्धत मागे पडली. कोल्हापूर येथे काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९३७ साली प्रदर्शित झाला. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. अखेरचे दिवस त्यांनी नाशकातच काढले. लाखो लोकांना ज्याने हसवले व रडवले, त्या या पुरुषाच्या संग्रही फारसे धन उरले नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला.

दादासाहेबांचे बरेचसे चित्रपट आज उपलब्ध नाहीत. आगकाड्यांचा तो खेळही काळाच्या उदरात गडप झाला. तथापि १९६९ पासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्याच नावाने देत आहे. त्यांच्या चरित्रात यश आहे तसे अपयशही आहे. पण हातात काय नाही याचा शोक करीत ते कधी बसले नाहीत. हातात जे होते, मग ते वाटाण्याचे बी असो वा आगपेटीतील काडी, त्यातून त्यांनी नवी सृष्टी उभी केली. लहान कामही मन लावून व अचूक करणारा मनुष्यच एक दिवस मोठे काम करण्यास समर्थ होतो, हे त्यांचे जीवन आपणांस सांगते.