कधीच समाधान न होणारी

गेल्या उन्हाळ्यात मित्राच्या काकांच्या इलेक्ट्रिक गाडीतून आम्ही चौघं समृद्धी महामार्गाने नागपूरला निघालो होतो. सावंगीला महामार्गावर चढलो तेव्हा गाडीत चार्जिंग भरपूर होतं. मोकळा रस्ता पाहून काकांनी वेग 110 वर नेला आणि थोड्याच वेळात आमच्या गप्पा बंद पडल्या. गाडी एक किलोमीटर पुढे जायची आणि शिल्लक किलोमीटरचा आकडा दोनाने उतरायचा! शेवटी एसी बंद केला, वेग 70 वर आणला आणि घामाघूम होऊन कसंबसं चार्जिंग स्टेशन गाठलं.

होस्टेलवर परतल्यावर कारण शोधू लागलो आणि एका लाल दाढीवाल्या इंजिनिअरची ओळख झाली. त्याचं नाव कामिल जेनात्झी.

जन्म 1868 चा, बेल्जियममधला. वडिलांचा रबराचा कारखाना होता. हा पठ्ठ्या इंजिनिअर झाला आणि पॅरिसला जाऊन विजेच्या गाड्या बनवू लागला. गाड्या खपायच्या तर नाव व्हायला हवं, म्हणून शर्यतीत उतरला. 1898 मध्ये शांतलूचा चढ त्याने ताशी सरासरी 27 किलोमीटरने जिंकला. मग फ्रान्सच्या काउंट शासलू-लोबाशी त्याची चुरस लागली. 1899 च्या जानेवारीत जेनात्झी 66 वर पोचला, काउंट त्याच दिवशी 70 वर. दहा दिवसांनी जेनात्झी 80 वर, मार्चमध्ये काउंट 92 वर. दोघांच्याही गाड्या विजेच्याच, बरं का!

मग जेनात्झीने टॉर्पेडोच्या आकाराची गाडी बांधली. तिचं फ्रेंच नाव ‘ला जमे काँतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. वजन सुमारे दीड टन, मागच्या चाकांना दोन मोटरी. 1899 च्या एप्रिलअखेर पॅरिसजवळ आशेरला त्याने एक किलोमीटर 34 सेकंदांत कापला. म्हणजे ताशी 105.88 किलोमीटर! शंभरी ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेची होती.

गंमत अशी, की गाडी वारा कापणारी, पण जेनात्झी स्वतः कमरेपासून वर उघड्यावर बसलेला. वाऱ्याचा मार छातीवर! आणि खरी गोम इथेच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 70 ऐवजी 110 ने गेलं, की दर किलोमीटरला हवेवर खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ अडीचपट होते. टायरचा खर्च फारसा बदलत नाही, म्हणून एकूण खर्च तेवढा वाढत नाही, पण पल्ला चांगलाच घटतो. उलट अगदी रांगत गेलं तर एसी तासावर वीज खातो. तेही परवडत नाही.

पुढे जेनात्झी पेट्रोलकडे वळला. 1903 मध्ये आयर्लंडमधली 527 किलोमीटरची गॉर्डन बेनेट शर्यत त्याने मर्सिडीजमधून जिंकली. विजेने त्याला एका किलोमीटरचा विक्रम दिला, पण एवढा लांब पल्ला तेव्हाच्या बॅटऱ्यांना झेपणारा नव्हता. 1913 मध्ये शिकारीला गेला असताना त्याने झुडपाआडून जनावराचा आवाज काढून मित्रांची थट्टा केली. मित्राला ते खरंच जनावर वाटलं, त्याने गोळी झाडली आणि जेनात्झी गेला.

आज बॅटऱ्या कितीतरी सुधारल्या, पण हवा तीच आहे. परतीच्या प्रवासात काकांनी 80 ची मर्यादा स्वतःच घालून घेतली. या खेपेला एसी चालू ठेवून आरामात घरी पोचलो!

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी