रणगाड्याखालून सरपटत भूसुरुंग शोधणारे राम राघोबा राणे

भूसुरुंग म्हटलं की आपल्याला गडचिरोलीच्या बातम्या आठवतात. पण ही गोष्ट १९४८ सालची आणि काश्मीरची आहे.

त्या एप्रिलमध्ये राजौरी शहर हल्लेखोरांच्या ताब्यात होतं. तिथल्या लोकांवर अत्याचार होत असल्याच्या बातम्या येत होत्या. नौशेराहून लष्कर निघालं खरं, पण डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर जागोजागी सुरुंग पेरलेले. एका सुरुंगाने रणगाड्याचा पट्टा तुटला की मागचा सगळा ताफा अडकणार!

वाट मोकळी करायची जबाबदारी होती सेकंड लेफ्टनंट राणे यांच्यावर. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा पोलीस शिपायाचा मुलगा १९४० मध्ये साधा जवान म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, ब्रह्मदेशात लढला. अधिकारी होऊन तर चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणेही होते. तरी ते मागे फिरले नाहीत. वरून गोळीबार चालू असताना ते रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्यासोबत सरपटत पुढचे सुरुंग शोधू लागले. चालकाला थांब-चल सांगायचं ते दोरीच्या खुणेने. चालकाची एक चूक झाली असती तर काय, याचा विचारच करू नका.

१० तारखेला पाच चीडवृक्ष आडवे पाडलेले, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. तो अडथळा दोन तासांत दूर झाला. ११ तारखेला तर सतरा तास काम. १२ एप्रिलला लष्कर राजौरीत पोहोचलं. तोवर अनेकांची कत्तल झाली होती; जे उरले होते ते वाचले.

राणेंना परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत.

१९४९ च्या सुरुवातीला युद्धबंदी झाली, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आले. सुरुंग मात्र युद्धबंदी पाळत नाहीत. नियंत्रण रेषेजवळ पावसाने ते जागेवरून सरकतात आणि आजही माणसं, जनावरं जखमी होतात. म्हणूनच तिथे अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे मुलांना सांगावं लागतं.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळाही आहे. गोव्याहून तिकडे जाणं झालं तर बघून या.